अर्धी पिशवी

वाख्तांग, दांडग्याला निवडू नकोस.
पहिल्या रात्री सगळे त्यालाच निवडतात:
गास्पार, माजी कुस्तीगीर, ताकद नऊ,
मान अशी की जू ठेवावं.
दार दिसलं की लाथ घालतो,
आणि ती लाथ तीन गल्ल्यांना ऐकू जाते.
मी त्याला आजवर चारदा पुरलंय.

सरक जरा, मघापासून हीटर तूच अडवलायस.
यादीत खाली जा. अजून खाली.
ही बघ, हेड्विग. शिंपीण. वय एकसष्ट, ताकद दोन.
स्वभावाच्या रकान्यात एकच शब्द: घाबरट.
हसू नकोस.
भित्यापाठी ब्रह्मराक्षस, कबूल,
पण त्यानेच तर तिच्या पाठीला डोळे फुटलेत.

तरी तिला लगेच बाहेर काढायचं नाही.
सहा दिवस तळघरात ठेव.
अंधारात पायऱ्या मोजू दे, पायांनी.
भिंतीला कान लावून वारा कुठला, माणूस कुठला,
हे तिला कळेपर्यंत तिच्या वाटणीचं सूप तिलाच दे,
बाकीचे कुरकुरतील.
बाटल्या मोज्यांत गुंडाळायला शिकव,
त्याचं बटण आहे कोपऱ्यात, कोणी दाबत नाही.
मी दाबते. दिवसभर औषधांच्या दुकानात
काचच काचेला लागताना ऐकते ना मी.

सातव्या दिवशी बेकरीपर्यंत. आठव्याही दिवशी बेकरी.
नवव्या दिवशी तू म्हणशील, आत्या, हे काय,
नकाशा एवढा मोठा आहे!
आहे. आणि त्यात आपली हाडं
एकेका चौकोनात पडलीयत, माझीच कितीतरी.

एवढं मात्र पाठ कर:
पिशवी अर्धी झाली की माघारी.
वर तो हिरवा आकडा चाळवत राहील,
अजून अकरा किलो जागा आहे, अजून अकरा किलो.
जागा असतेच रे. जागेचं काय.
वाट तेवढीच लांब असते आणि उजेड
तेवढाच

गेली वीज.

थांब, मेणबत्ती ओट्यावर आहे.
नाही, हेड्विग मेली नाही, बेकरीच्या दारात उभी असेल,
वीज येईपर्यंत तशीच.
बघ खिडकीतून, रोपवेचा डबाही अडकलाय
क्विरिलाच्या बरोबर वर,
कोणीतरी आत काडी पेटवली.
चियातुराला याची सवय आहे. काढतील हळूहळू ओढून.

झाझा असता तर आत्ता धावत गेला असता,
बूट न बांधता.
त्या दिवशीही सगळे वर आले होते,
शिट्टी झाली होती, तुझी आई रांगेत पाव घेत होती.
तो म्हणाला, पंप आत राहिलाय, आलोच.
खांदे असे होते त्याचे, की कोणाला वाटलंच नाही
त्याला थांबवायला हवं.

काही नाही. मी खेळाबद्दलच बोलतेय.

मेणबत्तीपलीकडे तू गप्प,
नखाने मेण खरवडत. मग विचारतोस,
गास्पारला घाबरायला शिकवता येतं का?

कोणास ठाऊक. मी त्याला थेट रस्त्यावरच सोडत आले,
चारही वेळा, पहिल्याच सकाळी.
एवढा आडदांड, त्याला काय शिकवायचं, म्हणून.

वीज येते. पंखा घरघरतो.
हेड्विग दारातच आहे, बाटल्या मोज्यांत, पिशवी अर्धी.
तिला तू घरी आणतोस, घाई न करता,
कडी लावतोस.
आणि यादीत वर जाऊन
त्या बैलाला तळघरात बसवतोस, तिच्याशेजारी,
काम: शिवण. दिवस: सहा.

बोटं जाड आहेत त्याची, सुईत दोरा जाणार नाही,
मी म्हणते.

तू म्हणतोस, जाऊ दे ना वेळ.