प्रश्न सव्वीस

द्युला गावात जानेवारीत साडेतीनलाच उजेड आटतो.
पिरोश्का व्हाराडी दार उघडते, आधी माझे बूट पाहते,
मग काखेतली फाइल.
"किती प्रश्न?"
एकशे बारा.
"माझ्या लग्नात पाद्र्यानं दोनच विचारले होते."

गेल्या बारा महिन्यांत, मी वाचते,
लसूण किती वेळा खाल्लात?
कधीच नाही, महिन्यातून एकदा, आठवड्यातून दोनदा...
"श्वास किती वेळा घेतला, तेही विचारून घे."
कांदा. पालेभाजी. चहा.
मासे?
"नाताळला कार्प. येशू जन्मतो तितक्यांदा."

प्रत्येक उत्तराला तिकडे ऑफिसात एक अंक मिळतो.
कांद्याला उणे, लसणाला उणे,
चरबीला अधिक, पांढऱ्या पावाला अधिक,
आणि बेरीज म्हणजे
माणसाच्या आत किती विस्तव आहे
याचा अंदाज. नुसता अंदाज.
हे आधी सांगायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय.
सांगितलं की लोक भराभर पालक खाऊ लागतात,
निदान कागदावर.

प्रश्न सव्वीस.
सॉसेज, हॅम, खारवलेलं किंवा धुरी दिलेलं मांस.

पिरोश्का उठते. कोट चढवते.
"हे बसून सांगण्यासारखं नाही."

अंगणापलीकडे, घोटाभर बर्फातून, धुरीची खोली.
जेमतेम दोन माणसं मावतील एवढी,
आतून काजळ धरलेली.
वर ओळीनं आकडे. आकड्यांना काहीच नाही.

"बेनेडेक म्हणायचा, ज्वाळा दिसली की माल वाया.
भुसा नुसता धुमसला पाहिजे.
हात धरला तर ऊब लागू नये
आणि पंधरा दिवस विझू नये.
रात्रीतून तीनदा उठायचा.
मला न्यूमोनिया झाला तेव्हा एकदाच उठला होता."

ती पायानं राख सारखी करते.
चार वर्षांची राख.

"डॉक्टर म्हणाला, त्याच्या आतड्यातही असंच काहीतरी असणार.
ताप नाही, कळ नाही. जाळ नाही.
वर्षानुवर्षं नुसती धग,
आणि आतले गवंडी
तीच भिंत पुन्हा पुन्हा लिंपत बसतात,
मग एक दिवस एकाचा हात चुकतो
आणि तो थांबतच नाही.
चित्र काढून दाखवलं त्यानं.
बेनेडेकनं चित्र नीट पाहिलं, चष्मा लावून,
आणि विचारलं,
लाकूड कुठलं?"

ती हसते, मग हसत नाही.

"तू शिकलेली आहेस. तू सांग.
वर्षाला दोन डुकरं, चाळीस वर्षं.
त्यातला कुठला तुकडा?
एमेशेच्या लग्नातला?
पूर आला तेव्हा माळ्यावर बसून खाल्लेला?
की मी त्याच्या डब्यात घातलेला,
त्यानं नको म्हटल्यावर?"

असा एक तुकडा नसतो, मी म्हणते.
आकडे गर्दीचे असतात, काकू.
हजार माणसं या बाकावर, हजार त्या बाकावर,
या बाकावरून काहीजण जास्त, लवकर उठून जातात.
कोण उठेल, ते आकड्याला दिसत नाही.

"लोरिंत्सला दिसतं," ती म्हणते.
"त्याचा थोरला भाऊ. एकाच ताटात वाढले दोघे.
एक्याण्णव वर्षांचा आहे, सायकल चालवतो.
मला पाहिलं की रस्ता बदलतो.
लाजतो बिचारा."

परत स्वयंपाकघरात. पेनाची शाई गारठलेली,
तळहातात घोळवावी लागते.
तर सव्वीसला काय लिहू?
"विचारलंयस काय?"
गेल्या बारा महिन्यांत.
"मग कधीच नाही."

मी खूण करते.
नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न वाचते. लोणची.
ती खिडकीकडे बघत सगळ्यांची उत्तरं देते,
शेवटपर्यंत, एकही न टाळता.

सहाच्या बसमध्ये
माझ्या मफलरला तिथल्या धुराचा वास येतो.
शेजारचा माणूस वळून बघतो.
तोंड दुसरीकडे करून
मी मफलर नाकाशी धरते.
भूक लागलेली असते.