डावी-उजवी

इतिवृत्त लिहायला मला बसवलं,
कारण माझं अक्षर बरं, आणि गल्लीत माझं दुकान नाही.
रामबागेतल्या शाळेचा हॉल.
खडूच्या चौकोनांत एकेक खुर्ची,
लंगडीच्या डावात माणसं बसवावीत तशी.

वरून कागद आला होता:
सम तारखेला रस्त्याची डावी बाजू, विषम तारखेला उजवी.
हे मान्य करून उघडायचं,
की अजून बंदच ठेवायचं, ते आपण ठरवा.
नमकीनवाले विमलेशभिया उठले.
"डावी कुठून धरायची? राजवाड्याकडून येताना, की जाताना?"
कुणी हसलं नाही.
पाऊण तास त्यातच गेला.

किरकिरे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून पंधरा दिवस.
मग आकडे वाचायला लागल्या.
मास्कमधून वाफ चष्म्यावर चढायची,
त्या पुसायच्या, पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या.
मी लिहून घेतले. एक शून्य बहुधा गळलं.

फॉल-पिकोवाली नफीसा मागच्या चौकोनातून म्हणाली,
"पंधरा दिवस म्हणजे किती, ते मला रुपयांत सांगा."
हे इतिवृत्तात कसं लिहायचं मला कळेना.
'एका सदस्येने आर्थिक अडचण मांडली'
असं लिहिलं,
आणि लिहिता लिहिताच ते खोटं वाटलं.

मग सगळेच बोलायला लागले.
लस येईल, येणार नाही.
काढा घ्या.
माणूस उपासानं मरतो तो कुठल्या रकान्यात?
माझी आई त्याच घरात झोपते हो, दुकानामागे.
त्या अमक्या देशात तर काहीच बंद नाही.
त्या तमक्या देशात बघा, दारं सील केलीत.
देश बाकांवर मांडले जात होते,
चहाचे कप मांडावेत तसे,
आणि चहा नव्हता.

दारात झाडू घेऊन सरजूबाई उभी,
सभा कधी संपते आणि हॉल कधी धुते, या घाईत.
"साहेब, आम्ही कुठल्या तारखेला यायचं?
आम्हाला तर दोन्ही बाजू लागतात."
अध्यक्ष म्हणाले, तो विषय पटलावर नाही.

सर्वांत म्हातारे तारेकाका.
त्यांच्या आजोबांच्या लहानपणी प्लेग आला होता,
माणसं शहर सोडून शेतांत झोपड्या बांधून राहिली.
"तेव्हाही असेच भांडले म्हणे, जायचं की राहायचं."
मग काय ठरलं?
काका बराच वेळ आठवत राहिले.
"ते नाही सांगितलं आजोबांनी.
आंबा सांगितला. ज्याच्याखाली झोपायचे तो.
रात्री कैऱ्या पडायच्या अंगावर."

मतदान हात वर करून.
तेवढ्यात एका माणसाचं नाव माझ्याकडून सुटलं होतं,
ते विचारायला मी हात वर केला, पेनासकट.
अध्यक्षांनी मोजलं.
उघडण्याच्या बाजूनं एकोणीस, विरुद्ध अठरा.

मला मत नव्हतं.
मी तोंड उघडलंही असेल, पण मास्कआड ते कुणाला दिसणार?
टाळ्या झाल्या. सरजूबाईनं बादली आत घेतली.

मंगळवारी डावी बाजू उघडली.
नफीसानं मशीनचा हप्ता भरला,
मला जुन्या साडीचे सहा मास्क शिवून दिले, पैसे घेतले नाहीत.
पुढच्या वर्षीच्या चैत्रात विमलेशभिया गेले.
ते तर उजव्या बाजूचे.
किरकिरेबाईही गेल्या,
त्यांचा दवाखाना एक दिवसही बंद नव्हता.
मी बोटांवर जोडून बघते,
हा त्या हातामुळे, ही त्या हातामुळे,
आणि बोटं संपायच्या आत गोंधळते.
ज्यांनी अठरात हात वर केला
त्यांच्याही घरांत खाटा रिकाम्या झाल्या.
म्हणून मी सुटत नाही.

वही माझ्या कपाटात आहे.
ठरावाशेजारी शाईचा एक ठिपका, हात वर केला तेव्हाचा.
खाली स्वच्छ अक्षरात: बहुमताने संमत.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमी ठरलेला,
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
पुढची सभा झालीच नाही.
रस्ता ओलांडताना मी अजून तारीख बघते.
इतिवृत्त कायम व्हायचं आहे.