पाकीट नको

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं :
पाकीट नको, ओन्दीना.
पाकिटात घातलंस तर तो कोर्टात सांगेल,
पाकीट मिळालं साहेब, आत कागदच नव्हता.
किंवा होता, पण कोरा.
लोक कानांवर हात ठेवतात.
कान त्यांचे, हातही त्यांचेच,
आपण काय करणार.

म्हणून नोटिशीच्याच तीन घड्या केल्या,
कडा डिंकानं चिकटवल्या,
पाठीवर पत्ता लिहिला.
शिक्का थेट मजकुराच्या पाठीत बसला,
इतका जोरात, की आतल्या ‘पंधरा दिवसांच्या आत’वर
वळ उठला असणार.

काउंटरवरच्या पोरानं विचारलं, पोच हवी?
हवी, म्हटलं.
आई म्हणायची, आमच्या एर्मेसला पोच नाही,
चारचौघांत तोंडाला येईल ते बोलतो.
आता त्याच्याकडून ती मिळवायला
मी सात युरो मोजले, वर सुट्टे.

तसं त्याचं घर माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून दिसतं.
मधे ओढा, बापाची बंद पडलेली सॉ-मिल,
आणि ती वाट, जिच्यावर त्यानं ऑक्टोबरात
लार्चचे ओंडके रचून ठेवले.
चारशे पावलं.
मोजली होती, बोलत होतो तेव्हा.
कागद मात्र खाली टोल्मेत्झोला गेला,
तिथून उदिनेला,
रात्रभर कुठल्याशा गोदामात
अनोळखी लोकांच्या भांडणांशेजारी पडून राहिला
आणि तीच दरी चढून परत वर आला.

मंगळवारी टपालवाली नॉर्मा त्याच्या दारात.
माझ्या हातात अर्धा सोललेला बटाटा.
तिनं एकदा ठोठावलं. दोनदा.
चिमणीतून धूर निघत होता, म्हणजे होता घरात.
दार उघडलं नाही.
तिनं चिठ्ठी फटीत खोचली
आणि माझ्या खिडकीकडे मुद्दाम पाहिलं नाही.

देऊ दे हातावर तुरी, वकीलबाई म्हणाल्या.
टपालात तीस दिवस पडून राहिली
की कायदा समजतो, मिळाली.
न उघडलेलं उघडलेलं,
न भेटलेला भेटलेला.
मला ते आवडलं. रात्री आवडलं नाही.
सहा वर्षांपूर्वी मीही एक चिठ्ठी सरकवली होती
त्याच्या दाराखालून, चार ओळींची.
तिच्यावर शिक्का नव्हता.
ती मिळाली की नाही, याला कायदा नाही.

अकराव्या दिवशी तो सकाळच्या बससाठी उभा दिसला.
टोपी तीच. उजवा हात कोटाच्या खिशात,
बसमध्ये चढतानाही बाहेर आला नाही.
थंडी आहे, मी म्हटलं.

पोच शनिवारी आली.
पोस्टकार्डाएवढी, जाड पुठ्ठ्याची.
सहीच्या चौकोनात एर्मेस :
पहिलं अक्षर मागे कलंडलेलं,
बाकीची त्याला धरून कशीबशी उभी,
आडनाव रेघ सोडून
खाली तारखेत घसरलेलं.
हाच माझ्या प्रगतिपुस्तकावर
बापाची सही हुबेहूब करायचा,
शेपटीसकट, एका झटक्यात,
आणि बदल्यात माझ्या वाटणीचं चॉकलेट घ्यायचा.

मी खिडकीशी गेले.
ओंडके ऑक्टोबरात रचले तसेच.
एकही फोडलेला नाही.
एवढा हिवाळा गेला, एकही नाही.
आणि धूर, आता नीट पाहिलं तर,
काटक्यांचा.

फोन वाजला.
आली का पोच?
आली.
मूळ प्रतच लागेल हं, झेरॉक्स चालणार नाही.
हो.
आणि सही त्याचीच आहे ना?
नंतर कुणी म्हणायला नको, दुसऱ्यानंच केली.

मी कार्ड उजेडात धरलं.
हॅलो, बाई म्हणाल्या.
हॅलो, ओन्दीना?