कीर्द

धान्याच्या कोठाराचा हिशेब मी एकतीस वर्षं ठेवला,
म्हणून ही वहीसुद्धा माझ्याकडेच आली.
पहिल्या पानावर, माझ्याच तिरप्या अक्षरात:
सिग्ने टॉर्गरसन. वय पाच. यकृत.
पुढे रकमेची जागा कोरी.

विमा कापण्या-शिवण्याचे पैसे देतो.
वाट पाहण्याचे देत नाही.
मिनियापोलिसला जायचे तीनशे मैल, यायचे तीनशे,
रुग्णालयाच्या तळघरात गाडी लावायचे रोजचे चौदा डॉलर,
मोटेलच्या खोलीचे, ड्वेनच्या बुडालेल्या पाळ्यांचे,
घरी राहिलेल्या थोरल्याच्या डब्याचे,
हे सगळं गावावर आलं.
गाव म्हणजे चारशे बारा माणसं,
एक चर्च, एक पंप
आणि नजर पोचेल तिथवर बीट.

जमा:
अग्निशमन दलाच्या शेडमधली मासळीची पंगत, दोन हजार एकशे सहा.
हॉकीच्या पोरांनी डोकी भादरली, त्याचे आठशे.
बर्नीसची गोधडी लिलावात नऊशेला गेली;
घेणाऱ्याने तिथल्या तिथे परत दिली,
पुन्हा बोली, पुन्हा परत.
तीनदा विकली गेली ती त्या रात्री
आणि शेवटी बर्नीसच्याच खांद्यावरून घरी गेली.
पंपावरच्या बरणीत, सिग्नेच्या फोटोखाली,
सुटे पैसे, एक बटण,
आणि चार घड्या घातलेला कुणाचा तरी
आख्ख्या आठवड्याच्या पगाराचा चेक.

खर्चही मी पैन् पै मांडत गेले.
एक गोष्ट मात्र मांडली नाही.
मार्चातल्या बैठकीत, कॉफी ओतता ओतता
कुणीतरी म्हणालं,
"मार्लिसची नखं पाहिलीत? निळी. छान रंगवलीत हो.
आपण इथे मासे तळतोय, आणि..."
कुणी काही बोललं नाही.
मीही नाही. मी बेरीज तपासत राहिले,
जी आधीच बरोबर होती.

दिलेल्या पैशाला डोळे फुटतात.
त्यानंतर दुकानात मार्लिस दिसली
की मी तिच्या टोपलीत डोकवायचे,
लोणी कुठलं, चीज कुठलं.
तिला कळायचं. ती स्वस्तातला पाव वर ठेवायची,
सगळ्यांना दिसेल असा.

फोन आला तो ऑक्टोबरात, बिटाच्या काढणीत, रात्री दोनला.
ड्वेनने ट्रक बांधावर तसाच सोडला, दिवे चालू.
सकाळी बॅटरी पार उतरलेली.
शेजाऱ्यांनी तो ढकलून सुरू केला,
भरला, कारखान्यावर रिता केला,
आणि पाळीचे पैसे माझ्या टेबलावर आणून ठेवले.
जमा.

मग पावत्यांचं पाकीट.
पेट्रोल, एकसष्ट. सूप, दोन वाट्या.
आणि सुपाच्या पावतीला चिकटून आलेली एक, फेब्रुवारीची:
नखांचा रंग, निळा, तीन डॉलर एकोणपन्नास.
पेन्सिलने काट. बाजूला मार्लिसचं बारीक अक्षर:
'ही धरू नका, चुकून आली.
सिग्नेच्या बोटाला तो चिमटा असतो,
तिची नखं कोरी ठेवावी लागतात,
म्हणून ती माझी रंगवते. दुपार जाते तिची.'

मी पेन्सिल खोडली.
खर्च, तीन एकोणपन्नास. कशापोटी?
पेन वर धरून बराच वेळ बसले,
मग लिहिलं: दुपार.

सिग्ने आता चर्चच्या पायऱ्या दोन-दोन चढते,
डोळ्यांतली हळद उतरली.
ते यकृत ज्या घरातून आलं
तिथेही त्या रात्री कुणीतरी सही केली असेल.
घर कुठलं, ते सांगत नाहीत.
त्यांच्यासाठी मी एक पान काढलं, तारीख टाकली,
'जमा' लिहायला हात धजला नाही.
पान तसंच आहे.

शिल्लक सत्त्याऐंशी.
काल बरणी धुतली.
पलीकडच्या गावातल्या नुडसनांचा मुलगा, मूत्रपिंड.
जुन्या फोटोचा चिकटा गरम पाण्यानेही निघेना,
त्याच्यावरच नवा दाबला.
टेप लागलीच नाही.