तीन पॉइंट आठ

आमच्याकडं जालन्यात पाण्याला वार नाही.
आठव्या दिवशी येतं, कधी अकराव्या,
आणि आलं की आई घरात
काही रिकामं राहू देत नाही:
हंडे, कळशा, तेलाचे डबे,
बाबांनी मिलमधून आणलेला निळा पिंप.
एकदा माझा कंपासबॉक्सही भरला म्हणे, असं धाकटा सांगतो,
पण तो सांगतो त्याच्या निम्मं धरायचं.

निम्मं धरायला मला मोईजभाईंनी शिकवलं.
भंगार गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान,
मोबाइल, मिक्सर आणि क्वचित माणसंही
ते उघडून बघतात.

मी गाडी घेऊन गेले होते. रिमोटची.
चेसिस भंगारातली, मोटर एका सिनियरची,
चाकं तेवढी नवी.
एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर शर्यत,
सात पोरं आणि मी.
दुसऱ्याच वळणावर तिनं मान टाकली.
बॅटरी काढली तर हाताला चटका,
आणि पोट वर आलेलं,
तव्यावरच्या भाकरीसारखं.

"यावर तर शंभर सी लिहिलंय," मी म्हणलं.
कपाळावरचा चष्मा नाकावर आला.
"लिहिलंय ना. बिर्याणीच्या गाड्यावर काय लिहिलंय?
वर्ल्ड फेमस."

मग बोट धरून लेबल वाचायला बसवलं.
"हे दोन एस. दोन सेल, एकामागं एक,
सात पॉइंट चार व्होल्ट. टाकी किती उंचावर, ते.
हे बावन्नशे एमएएच. टाकीत पाणी किती, ते.
तासभर पाच अँपिअर काढ,
नाहीतर वीस काढ अन् पाव तासात घरी जा.
आन् हा सी म्हणजे तोटी.
एका दमात किती ओढू देईल.
पाच पॉइंट दोन गुणिले शंभर?"

"पाचशे वीस."

"पाचशे वीस अँपिअर!
समोर गफूर वेल्डिंग करायलाय बघ,
दोनशेवर लोखंडाचं पाणी व्हायलंय त्याच्या.
आन् ही तुझी वायर. उंदराचं शेपूट.
व्होल्ट खोटं बोलत नाही, मीटर लावला की कळतं.
एमएएच थोडं बोलतो.
छापलेल्या सीच्या मात्र निम्मं धर,
कंपनी अनोळखी असंल तर निम्म्याचं निम्मं.
सी म्हणजे नवरदेवाचा बायोडाटा."

तेव्हा आमच्या घरी दोन बायोडाटे आलेले होते.
त्यांना माहीत नव्हतं.
मी हसले नाही.
मग हसले.

फुगलेली त्यांनी वाळूच्या बादलीत ठेवली,
दुकानाच्या बाहेर, चपलांपासून लांब.
पुढं तीन महिने पैसे साठवून
मी पस्तीस सीची घेतली, जाड वायरीची.
तिनं सगळी वळणं घेतली.
चौथी आले.
ते बॅटरीमुळं नाही. शेवटच्या वळणाला मीच बोट उचललं.

सोमवारी मी चाकणला चाललेय.
पंख्यांच्या मोटरी तपासायच्या, अकरा महिन्यांचं कंत्राट.
गाडी माळ्यावर जाईल, बॅटरी पत्र्याच्या डब्यात.
"ठेवायची असंल तर भरून ठेवू नको," मोईजभाई म्हणाले होते,
"रिकामीही नको. सेलमागं तीन पॉइंट आठ.
तीनच्या खाली गेलेली परत येत नाही."

काल रात्री चार्जर मधेच थांबवला.
आई बघत होती.
"भरून घे की गं, लाइट हाय तवर."

सांगायला तोंड उघडलं
आणि ओळीनं मांडलेले हंडे दिसले,
काठाशी आलेलं पाणी, वर झाकण, झाकणावर वरवंटा.
घरात ही एकच वस्तू
काठोकाठ भरून ठेवली की बिघडणारी.
सांगितलं तरीही.

तिनं ऐकून घेतलं. पटलं नसावं.
"मग कमी झालं ते कळंल कसं?"

मीटर तिच्या हातात दिला.
लाल लालला, काळा काळ्याला.
तिनं दोन्ही टोकं धरली,
सुईत दोरा ओवताना धरते तसा श्वास धरून,
आणि आकडा थांबल्यावर उठली,
भिंतीवरच्या कॅलेंडरात
नळाच्या तारखांच्या खाली
पेन्सिलीनं लिहिलं:
७.६