रकाना सातवा

टॅमसिन पेंगली. वय अदमासे बासष्ट.
धंदा सुईणीचा. मरणाचं कारण: छातीत पाणी.
इथवर टाक सरसर चालला.
सातव्या रकान्यात बापाचं नाव लिहायचं असतं,
आणि पोर्ट सोरेलच्या या कचेरीतलं
घड्याळ कधीचं बंद आहे.

पहिल्या लग्नाच्या वहीत तिनं सांगितलंय, घड्याळजी.
दुसऱ्या लग्नाच्या वहीत, बुडालेला खलाशी.
पाद्र्याच्या बायकोला म्हणाली, होबार्टचा कॅप्टन,
नाव विचारू नका.
आणि लोहाराच्या पोरीला, कळांमध्ये हसवायला:
"माझा बाप? देवमासा गं.
ओकला मला किनाऱ्यावर, अन् गेला."

आईबद्दल अवाक्षर नाही.
ते लोक बोलत. सामुद्रधुनीतल्या बेटांवर
सील मारणाऱ्यांनी पळवून नेलेल्या
इथल्याच बायकांपैकी एखादी, म्हणत.
बघा ना, समुद्रपाखरू कसं सोलते,
बघा ती गळ्यातली बारीक शंखांची माळ.
मग तिच्याच हातचा पाव मोडून खात.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात;
हिचं, चहाला बसलं की, सगळ्यांनी विचारलं.
नदीचं नावसुद्धा आम्हीच ठेवलेलं, परवापरवा.

शंभर एकर होते तिच्याकडे, पहिल्या नवऱ्याचे.
कागद मी काढून पाहिले: शिक्का, सही, चतुःसीमा.
उत्तरेला खाडी, पूर्वेला जळका ओंडका.
आधी कुणाची, असा रकानाच नाही त्यात.
तिनं कुंपण घातलं, मेंढ्या राखल्या,
कुत्रा पाळला, अनोळखी माणसावर भुंकणारा.
तीही आमच्यातलीच.
फक्त दर एप्रिलात एका रात्री
खाडीकडचं फाटक उघडं राहायचं
आणि कुत्रा घरात बांधलेला असायचा.
विसरले, म्हणायची.
दरवर्षी त्याच तारखेला विसरायची.
आत कुणी आल्याचं कुणी पाहिलं नाही.

दोनशेवर पोरं तिच्या हातावर आली. एक मी.
माझ्या सातव्या रकान्यात जे नाव आहे
ते तिनंच येऊन सांगितलं, असं शेजारी लिहिलंय.
आईला मी एकदा विचारलं होतं.
आई पीठ मळत राहिली.

साहेब विचारतात, झालं का?
घड्याळजी ठीक. घड्याळजीवर कुणी शंका घेत नाही.
लिहितो. टिपकागद दाबतो.
तिच्या मेंढ्या सकाळपासून ओरडताहेत, ऐकू येतं इथवर,
आणि आज तारीख तीच आहे.
अंधार पडायच्या आत
मला खाडीपर्यंत जाऊन यायला हवं.