वहिवाट

क्लाक्सविकच्या धक्क्यावर
फेरीच्या वेळांचा फलक
सकाळपासून कालचंच सांगतोय.
बाहेर धुकं, दोन मेंढ्या, मासळीचा एक ट्रक.
आत रानवा तिसऱ्यांदा तेच वाचते :
परवानगी नाकारली.

कालचा बदल नीट उतरला होता.
परवाचा नव्हता.
त्याआधीचा उतरला, पण दोनदा अडखळून.
यंत्र असं रुसत नाही, ती म्हणते,
मागे कुठेतरी माणूस असतो.

'सात सात सात कर की,' दारातून बार्दुर,
'सगळं सताड उघड, नऊची फेरी गाठ.'
ती उत्तर देत नाही.
सताड दारातून आधी वारा येतो,
बेटावरच्या माणसाला हे काय सांगायचं.

ती एकेक खण बघत जाते.
दोनशे छप्पन्न खण.
बरेचसे तिच्या नावावर,
सहा रूटच्या (कुणीतरी घाईत सुडो मारलेलं),
आणि एकेचाळीस
त्रोन्दुरच्या.

त्रोन्दुर सोमवारी आला.
त्याला अजून कॉफीचं यंत्र जमत नाही.
खणांवरच्या तारखा दहा वर्षं जुन्या,
तेव्हा तो नऊ वर्षांचा.
'मी काही केलं नाही,' कानापर्यंत लाल होत तो म्हणतो.

नाहीच केलंस.
यंत्राला नावं कळत नाहीत, क्रमांक कळतात.
एक हजार तीन.
हा हानुसचा होता.
हानुस हिवाळ्यात गेला,
मार्चमध्ये रीतसर त्याचं खातं पुसलं,
रिकामा क्रमांक सोमवारी तुला मिळाला
आणि त्याच्याबरोबर हे सगळं.
सातबाऱ्यावर नाव चढलं,
ना तलाठी, ना वारस.

रानवा मालक बदलत नाही.
रूटचे सहा तेवढे सोडवून घेते,
बाकी सगळं गटाला जोडते,
'बंदर' नावाच्या, तिघांच्या;
लिहायची मुभा देते,
आणि पुढे उघडेल तो खणही गटाचाच राहील
अशी एक खूण करून ठेवते.
मालकी असू दे कुणाचीही.
वहिवाट पुरे.

फलक उजळतो : नऊ वाजता.
नऊ वाजून सात मिनिटं झालेली.
फेरी धुक्यात भोंगा देते, दिसत नाही.

गिटला मालक आठवत नाही.
फाइल चालवायची की नुसती वाचायची,
एवढंच आठवतं;
आणि कुणी लिहिलं, ते.
त्रोन्दुर सगळ्यात जुनी नोंद उघडून बसलाय.
हानुस, रात्रीचे अकरा चाळीस :
'वेळा दुरुस्त केल्या. पुन्हा.'